वीस मिनिटांच्या ताई

"अर्धी ओळ राहू दे. पळून नाई जात ते."

घंटी वाजली की ताई एवढंच म्हणत आणि कीबोर्डपासून उठत. वाशीमला एका कापड दुकानाच्या वर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. तिथं आम्ही चौघं प्रोग्रॅमिंग करायचो. ताई वयानं आणि अनुभवानं सगळ्यांत मोठ्या. त्यांच्या टेबलावर स्वयंपाकघरात असतो तसला पिवळा टायमर असे. वीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी. सुट्टीत स्क्रीनकडे पाहायचं नाही, मोबाईलकडेही नाही.

"कायले उठा लागते ताई? आत्ता कुठं जमून राह्यलं होतं," मी कुरकुरायचो.

"जमलं असन तर पाच मिनिटानंबी जमते. ऊठ गा."

त्या स्वतः मात्र एकट्याच जिन्यात जायच्या. चोरून चिवडा खात असणार, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. अशी शिस्तीची माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना हसतो आणि त्यांची घंटी वाजली की मुकाट उठतो.

सोयाबीनच्या हंगामात एका बाजार समितीसाठी आम्ही चिठ्ठ्यांचा प्रोग्रॅम केला. फाटकावर दोन खिडक्या. गाडी आली की नंबरची चिठ्ठी आणि त्याच नंबरानं लिलाव. तो भाग मी लिहिला होता. तिसऱ्याच दिवशी फोन आला, एकच नंबर दोघादोघांना जातोय. ताई आणि मी पोचलो तेव्हा ट्रॅक्टरांची रांग रस्त्यावर आली होती, आभाळ काळं झालं होतं, माल उघड्यावर होता आणि चौऱ्याऐंशी नंबरच्या चिठ्ठ्या धरून दोन माणसं एकमेकांच्या कॉलरला भिडली होती.

ताईंनी पिशवीतून टायमर काढला आणि कॉम्प्युटरपुढं बसल्या. खिडकीच्या गजांना माणसं चिकटली होती. घंटी वाजली आणि ताई खरंच उठल्या.

"अवो मॅडम, चालल्या कुठं?" समितीचे सचिव ओरडले. "लोक ऑफिस फोडतीन!"

"पाच मिनिटं," म्हणत त्या मागच्या दारानं बाहेर गेल्या.

मी संतापून त्यांच्या मागं धावलो. गोदामाच्या भिंतीशी त्या मान वर करून डोळ्यांत औषध टाकत होत्या. एक थेंब गालावर पडला, दुसराही गालावरच.

"वीस मिनिटानंतर मले ओळी दिसत नाईत," त्या म्हणाल्या. "एकीत एक मिसळतात. चुकीच्या ओळीले हात लागला तर तुह्या एका चुकीच्या दोन होतीन. म्हणून उठली."

मी बाटली घेतली आणि त्यांच्या डोळ्यांत औषध टाकलं.

"आता तू बस. वाचून सांग. मी ऐकते."

आत येऊन मी मोठ्यानं वाचू लागलो. ताई डोळे मिटून शेजारी बसल्या. बाहेर कुणीतरी पत्र्यावर लाठी आपटत होतं. माझा आवाज फाटत होता.

"हळू," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "थांब. नंबर वाढते कवा? चिठ्ठी छापल्यावर?"

"हो."

"मंग तेवढ्यात दुसऱ्या खिडकीनं मागतला तर?"

दोन्ही खिडक्यांना तोच नंबर मिळत होता. आधी नंबर वाढवायचा आणि मग छापायचं, एवढाच बदल होता. तो केला. दोन्ही खिडक्यांवर एकदम चिठ्ठ्या काढून पाहिल्या. नंबर वेगळे आले.

ताईंनी लाऊडस्पीकर मागितला. "चूक आमची हाय," त्या गर्दीला म्हणाल्या. "ज्यायचा नंबर डबल झाला, त्यायचा माल आधी शेडात घ्या." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. तिथंही नाही आणि ऑफिसातही नाही. पाऊस आला नाही. ढग पुढं निघून गेले.

दिवाळीनंतर ताईंनी काम सोडलं. उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला त्यांच्या गावी, जऊळक्याला गेलो. खूप हसलो, पोहे खाल्ले. मी नको म्हणत असतानाही त्या मला सोडायला स्टेशनावर आल्या.

गाडी सुटली. ताई हात हलवत होत्या, पण माझ्या डब्याकडे नाही, पुढच्या डब्याकडे. "ताई, इकडं!" असं ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्या डब्याच्या खिडकीतून एका अनोळखी बाईनं हात बाहेर काढून त्यांना हलवला, आणि ताई हसल्या.