धरलेला हात

भाचीचा डावा हात कुणीतरी धरून ठेवलाय, असं तिची आजी पहिल्यांदा म्हणाली तेव्हा भाची पाच महिन्यांची होती.

आम्ही दोघी बहिणी जुन्नरला पत्रकांच्या गठ्ठ्यांत वाढलो. वडील बुवाबाजीविरुद्ध लिहायचे, आम्ही शाळेतून आलो की घड्या घालायचो. पुढे मीही लिहू लागले. बहिणीचं सासर घोडेगावच्या वर, डोंगरात. ती बाळंत झाल्यावर मी बाळाच्या पहिल्या वर्षाचं पत्रक काढलं. मान कधी धरतं, पालथं कधी पडतं, रांगतं कधी. शेवटी ठळक अक्षरांत: ‘प्रत्येक बाळ वेगळं असतं. घाबरू नका. अंगारे, दोरे, उतारे नकोत.’

गठ्ठा घेऊन एसटीने गेले. पडवीत गोधडीवर भाची पडली होती. बहिणीने खुळखुळा वाजवला. उजवा हात झेपावला. खुळखुळा डावीकडे नेला, तरी उजवाच हात अंगावरून पलीकडे आला. डावी मूठ घट्ट मिटलेली, छातीशी.

“तो हात निघतो, अन् मधेच थांबतो,” बहीण म्हणाली.

“धरलाय कुणीतरी,” तिची सासू म्हणाली. “मावशीबाई, तुमच्या कागदात बसतंय का ह्ये?”

“आजी, हात कुणी धरत नसतं. उजव्या हाताची असेल पोरगी.”

“पाच म्हैन्याचं लेकरू कंच्या हातानं जेवायचं ते ठरवून आलंय व्हय?”

मी मोठ्याने हसले. वर बहिणीला बजावलं, “देवऋषाकडे गेलीस तर मी या घरात पाय ठेवणार नाही.”

“मी देवऋषी म्हणाले का? हात बघ म्हणाले.”

मी पत्रकाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

आठव्या महिन्यात भाची बसू लागली आणि बसल्या बसल्या डावीकडे कलू लागली. पडताना तो हात पुढे यायचा नाही. कुणाच्या तरी मांडीवर डोकं टेकावं तशी ती सावकाश कलंडायची. तिथे नुसती सारवलेली जमीन असायची. अकराव्या महिन्यात ती रांगली. उजवा तळवा थप् थप् वाजायचा, डावं कोपर फरफटायचं. भर दुपारी रिकाम्या पडवीतून ती माझ्याकडे आली तेव्हा मला स्पष्ट वाटलं, हिच्या शेजारून कुणीतरी वाकून, हिची मूठ धरून चालतंय. मी नजर फिरवली; तिच्या शेजारी काही नाही हे मला माहीत होतं. न बघायचं इतकं चांगलं कारण मला माझ्याच पत्रकांनी दिलं होतं.

त्या आठवड्यात बहीण मला न विचारता लहान मुलांच्या डॉक्टरकडे गेली. वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरत असेल तर ते लगेच दाखवायचं असतं, डॉक्टर म्हणाले. मेंदूकडून त्या हाताला निरोप नीट पोचत नाहीत. व्यायामाने हात किती उघडेल ते आज सांगता येणार नाही; तुम्ही लवकर आला असतात तर बरं झालं असतं. बहिणीने घरी येऊन हे मला शब्दन् शब्द सांगितलं.

आता व्यायाम म्हणून रोज थोडा वेळ उजव्या हाताला पायमोजा घालायचा आणि डाव्यासमोर खाऊ ठेवायचा. परवा मी भाकरीचा तुकडा धरून बसले होते. डावा हात उचलला गेला, अर्ध्यात थांबला, थरथरला. भाची रडकुंडीला आली.

आजी तिच्या डाव्या अंगाला बघत हलकेच म्हणाली, “सोड गं आता. भूक लागलीया लेकराला.”

एरवी मी भांडले असते. तुकडा तसाच धरून राहिले. बऱ्याच वेळाने मूठ सैल झाली. आधी करंगळी सुटली, मग शेजारचं बोट. आत तळवा ओला, पांढुरका, कधी ऊन न लागल्यासारखा. तुकडा त्याला टेकला आणि खाली पडला.

आजीची नजर सावकाश उंबऱ्याकडे गेली, कुणाला पोचवायला जावी तशी. मी अजूनही मानत नाही. पण मान वळवून बघितलंही नाही. तुकडा उचलला आणि पुन्हा त्या हातासमोर धरला.