नववी चांदणी

कौदी शिवावी तर रत्नम्मानं, असं नवी पेठेमागच्या गल्लीत सगळे म्हणत. जुन्या लुगड्यांचे थर लावून ती गोधडी शिवायला बसली की टाके मुंग्यांच्या रांगेसारखे सरळ जात.

१९७९ च्या जानेवारीत शेजारच्या शिवयोगी मास्तरांनी शाळेच्या संमेलनासाठी तिला एक झेंडा शिवायला दिला. प्रशांत महासागरातला तुवालू देश नुकताच स्वतंत्र झाला होता, त्याचा. फिकट निळ्या कापडावर पिवळ्या चांदण्या, कोपऱ्यात इंग्रजांचं निशाण.

"मास्तर, इंग्रज गेले न्हवं? मग कोपऱ्यात काय करायलेत?"

"पाहुणे छत्री विसरून जातात की नाही, तसं."

ती हसली. मग तिनं मास्तरांनी दिलेल्या चित्रावर बोट टेकवत चांदण्या मोजल्या. "नऊ कशाला?"

"नऊ बेटं आहेत. देशाच्या नावाचा अर्थ मात्र आठ जण एकत्र उभे. नवव्या बेटावर पूर्वी कुणी राहत नसे."

"तरी त्याची चांदणी हाय?"

"आहे की. बेट त्यांचंच ना."

रत्नम्माचं बोट शेवटच्या चांदणीवरच राहिलं. तिला दोन मुलगे होते, आणि त्यांच्या पाठची मुलगी, दानम्मा. दीड वर्षाची असताना तापानं गेली. तिला माती देऊन परतल्यावर नवऱ्यानं, गुरुलिंगनं, तिचे सगळे कपडे वाटून टाकले आणि सांगितलं, "हितनं पुढं कुणी इचारलं तर दोनच म्हणायचं." तेव्हापासून घरात ते नाव निघालं नव्हतं. पांढऱ्या ठिपक्यांचं एक पिवळं झबलं तेवढं रत्नम्मानं लपवलं होतं, स्वतःच्या कौदीच्या थरांत शिवून. आठ वर्षं ते पांघरून ती झोपत होती.

आठ चांदण्या तिनं विकत आणलेल्या कापडाच्या कापल्या. मग कौदीची एक शिवण उसवली. नववी चांदणी पांढऱ्या ठिपक्यांची झाली.

संमेलनाला गुरुलिंग आला. मांडवात झेंड्यासमोर तो बराच वेळ उभा राहिला. इतक्यात नवे मुख्याध्यापक आले, कामाचं कौतुक केलं आणि सहज विचारलं, "मुलं किती तुम्हाला?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. आज तरी तीन, एवढंच तिच्या मनात होतं.

"दोन," गुरुलिंग म्हणाला.

घरी जाताना तो नेहमीसारखा चार पावलं पुढं होता. रत्नम्मा पदर तोंडाशी धरून मागून चालत होती. गल्लीच्या तोंडाशी तो थांबला, पण वळला नाही.

"त्या झबल्याला शिंपल्याच्या गुंड्या होत्या की," तो म्हणाला. "मीच आणलेल्या. कुटं हायत त्या?"

"इभूतीच्या डबीत."

"ऱ्हाऊ दे तितंच," तो म्हणाला, आणि दारापर्यंत तिच्याबरोबरीनं चालत गेला.