मी येईपर्यंत

ही गोष्ट मी बारा वर्षं टाळली. झेंडावंदन झालं की शाळेतले गुरुजी दरवर्षी म्हणतात, "मेजर, फौजेतलं काहीतरी सांगा पोरांना." मी बर्फ सांगतो, खेचरं सांगतो, दोरावरून नदी कशी ओलांडायची ते सांगतो. लिंबाजीही सांगतो, पण डोंगरातला. चारा छावणीतला लिंबाजी आजवर कोणाला सांगितलेला नाही. आता माझं वय चौऱ्याहत्तर आहे आणि जे कागदावर चुकीचं लिहिलं गेलं, ते मीच लिहिलेलं आहे. म्हणून ते दुरुस्त करणंही माझंच काम आहे.

फौजेतून आलेल्या प्रत्येकाला आमच्याकडे मेजरच म्हणतात. मी हवालदार होतो. आर्मी मेडिकल कोअर, नर्सिंग असिस्टंट. लिंबाजी नाईक होता, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. आम्ही दोघंही गेवराई तालुक्यातले, आमच्या गावांमध्ये चार किलोमीटरचं अंतर. पूर्वेकडच्या डोंगरात एका फील्ड ॲम्ब्युलन्समध्ये आमची भेट झाली. मी सीनियर म्हणून तो मला उस्ताद म्हणायचा, ते पेन्शनीत आल्यावरही सुटलं नाही.

तिथली एक सकाळ. वरच्या पोस्टवरून मेसेज आला, एका जवानाला श्वास घेता येत नाही. आम्ही ०६३० ला निघालो. ०९०० च्या सुमारास पुढचा रस्ता दरड पडून बंद. मी स्ट्रेचर पार्टी घेऊन पायी वर गेलो. जाताना लिंबाजीला म्हणालो, "मी येईपर्यंत इंजिन बंद करायचं नाही. सीट सोडायची नाही. ऑर्डर आहे." इंजिन एकदा गार पडलं असतं तर त्या थंडीत पुन्हा लागलं नसतं.

मी परतलो तेव्हा १४१५ झाले होते. इंजिन चालू होतं. लिंबाजी ताठ बसलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. बोटं निळी पडली होती आणि ती मला एकेक करून सोडवावी लागली. मी विचारलं, "खाली उतरून हात का नाही शेकलेस?" तो म्हणाला, "उस्ताद, तुमी सीट सोडू नको म्हनला व्हता."

तो जवान वाचला. पुढे कितीतरी वेळा हा किस्सा सांगून मी हशा मिळवला.

आमच्या मेडिकल ऑफिसर एक कॅप्टन मॅडम होत्या. दम्याच्या पेशंटला मशीनवर औषध कसं द्यायचं, हे मी त्यांच्या हाताखाली शिकलो. छातीतल्या आवळलेल्या नळ्या मोकळ्या करणारं औषध कपात थेंब मोजून घालायचं, त्यात सलाईन मिसळायचं, मशीन त्याचा धुक्यासारखा फवारा करतं, तो पेशंटनं मास्कमधून ओढायचा. पेशंटला ताठ बसवायचं. औषध देण्याआधी नाडी मोजायची, दिल्यावर पुन्हा मोजायची. हात थरथरतात, छाती धडधडते, ते त्याच औषधामुळे, म्हणून हाताला येईल तितकं देत सुटायचं नाही. मशीन लावलं की पेशंटपासून हलायचं नाही. एका डोसनं फरक पडला नाही तर गाडी बोलवायची, दुसरा डोस द्यायचा तो गाडीच्या वाटेवर नजर ठेवून.

एक गोष्ट मॅडम पुन्हा पुन्हा सांगायच्या. दम्यात छातीतून शिट्टी वाजते. मॅडम म्हणायच्या, "भानुदास, सीटी बंद हो गई तो खुश मत होना. पहले देखना, हवा जा रही है या नहीं." शिट्टी वाजायलाही हवा लागते. हवाच आत जात नसेल तर छाती गप्प होते. ती शांतता सगळ्यात वाईट. हे मला पाठ होतं. नव्या पोरांना मी स्वतः शिकवलेलं होतं.

आता छावणी.

त्या वर्षी आमच्याकडे पाऊस झालाच नाही. ऊस नाही म्हणून सहकारी कारखान्याचं धुराडं पेटलं नाही. कारखान्याच्या मोकळ्या पटांगणात दूध संघानं जनावरांची चारा छावणी उघडली. पत्र्याच्या आणि शेडनेटच्या सावलीत दावणीच्या रांगाच रांगा. जनावराबरोबर घरातलं एक माणूस तिथंच मुक्कामाला. संघाच्या लोकांनी मला बोलावलं, म्हणाले, "मेजर, एक औषधाचा तंबू सांभाळा. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतील." मी हो म्हणालो. टेबल, खाट, रजिस्टर, वजनकाटा आणि संघानं दिलेलं एक श्वासाचं मशीन. ऑक्सिजन नव्हता. तो मागायला हवा होता. मी मागितला नाही.

छावणीत दिवसभर कडब्याची कुट्टी चालायची. तिची धूळ हवेत तरंगत राहायची, दुपारी सूर्य तिच्यातून पिवळा दिसायचा. खोकल्याचे पेशंट वाढले. मशीनला लोक वाफारा म्हणू लागले. "मेजर, जरा वाफ द्या की." मी सुरुवातीला सांगायचो की ही वाफ नाही, औषध आहे. मग सांगणं सोडलं. पुढे पुढे मीही वाफच म्हणायला लागलो.

लिंबाजी त्याचे दोन बैल घेऊन चौथ्या रांगेत होता. बरोबर त्याची बायको गयाबाई. फौज सोडल्यावर त्याला दमा जडला होता. बीडच्या डॉक्टरांनी त्याला रोज ओढायचा पंप दिला होता, तो त्यानं महिन्यातच टाकून दिला, कारण माझ्या तंबूत मशीन होतं. दर दोन दिवसांनी यायचा.

"उस्ताद, टाकी फुल करा."

"पंप कुठाय तुझा?"

"पंपात काय दम न्हाई. तुमच्या मशीनचं काम लई भारी हाय. दहा मिनिटांत गाडी टॉप गिअरला."

मी हसायचो आणि मशीन लावायचो. इतक्या वेळा औषध लागतंय याचा अर्थ दमा हाताबाहेर चालला आहे, हे मला कळत होतं. त्याला बीडला घेऊन जायला हवं होतं. उद्या, परवा करत राहिलो.

त्या दिवशी तो ११४० ला आला. गयाबाई त्याला धरून आणत होती. एक शब्द बोलला की श्वास घ्यायला थांबायचा. शिट्टी तंबूच्या दाराबाहेरूनही ऐकू येत होती. मी नाडी मोजली, एकशे अठ्ठावीस. रजिस्टरला लिहिली. मशीन लावलं.

१२०० ला औषध संपलं. त्याची शिट्टी कमी झाली होती. जवळजवळ ऐकूच येत नव्हती. कुट्टीचं मशीन जेवणासाठी बंद झालं होतं, त्यामुळे तंबूत फार शांत वाटत होतं. मला बरं वाटलं. मी म्हणालो, "उतरला बघ." लिंबाजीनं मान हलवली नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला. ती नजर मला तेव्हाच ओळखता यायला हवी होती. मी नाडी पुन्हा मोजली नाही. छातीला कान लावला नाही.

इतक्यात पाण्याच्या टँकरकडून ओरडा आला. रांगेत एक बाई उन्हानं कोसळली होती. मी पिशवी उचलली. गयाबाईला म्हणालो, "तुम्ही बैलांना पाणी दाखवून या, हा आता ठीक आहे." ती गेल्यावर मशीनच्या कपात नवीन औषध घातलं, एकेका डोसच्या आणखी दोन प्लॅस्टिकच्या नळ्या लिंबाजीच्या हातात दिल्या आणि जे बोललो ते शब्दाला शब्द इथे लिहितो.

"संपलं तर दुसरी तोडून घाल. मी येईपर्यंत मास्क काढायचा नाही. जागा सोडायची नाही. ऑर्डर आहे."

तेव्हा १२०५ झाले होते.

टँकर छावणीच्या दुसऱ्या टोकाला होता. त्या बाईला सावलीत आणलं, ओले कपडे लावले, टेम्पो मिळेपर्यंत वेळ गेला. अधूनमधून मी कान देत होतो. कुट्टी बंद होती, वारा नव्हता, जनावरंसुद्धा उन्हानं मान टाकून गप्प होती. त्या सगळ्या पटांगणात श्वासाच्या मशीनची एकसारखी घरघर तेवढी येत होती. ती ऐकू येत होती म्हणून मला काळजी वाटली नाही. मशीन चालू आहे म्हणजे लिंबाजी ठीक आहे, असंच मी धरून चाललो.

१२५५ ला मी परत निघालो. चौथ्या रांगेत गयाबाई बैलांजवळ बसली होती. तिथून तंबूचं दार पन्नास पावलांवर असेल. ती म्हणाली, "मेजर, बरं वाटतंय वाटतं त्यांना. कवापासून बघतीय, गप बसलेत."

मीही बघितलं. लिंबाजी खाटेवर ताठ बसला होता. पाठ तंबूच्या खांबाला, दोन्ही हात मांडीवर. मास्कच्या दोन्ही बाजूंच्या भोकांतून पांढरं धुकं येत होतं. संथ, न थांबता.

दहा पावलांवर आल्यावर माझ्या लक्षात आलं. माणूस श्वास आत घेतो तेव्हा ते धुकं क्षणभर आत ओढलं जातं. हे ओढलं जात नव्हतं. ते नुसतं बाहेर येत होतं.

मी आत गेलो. नाडी नव्हती. ओठ निळे होते. त्याला खाली घेतलं, छातीवर दाब दिला, दहा मिनिटं दिला. या सगळ्या वेळात मशीन बंद करायचं मला सुचलं नाही. मास्क बाजूला पडलेला होता आणि त्यातून धुकं येतच होतं, जमिनीलगत पसरत होतं. गयाबाई दारात आली आणि आधी त्या धुक्याकडेच बघून म्हणाली, "चालू हाय की अजून." ती मशीनबद्दल बोलली की नवऱ्याबद्दल, मी विचारलं नाही. मी बटण बंद केलं. मग तिला कळलं.

खाटेखाली दोन्ही नळ्या तोडलेल्या पडल्या होत्या. शेवटचं औषध कपाच्या तळाशी थोडं शिल्लक होतं.

संध्याकाळी दूध संघाचा जीप ड्रायव्हर अस्लम मला बाजूला घेऊन गेला. तो साडेबाराला बीडकडे निघाला होता. तंबूसमोर थांबून त्यानं लिंबाजीची अवस्था पाहिली.

"मी म्हनलो, चाचा, बसा गाडीत, अर्ध्या-पाऊन तासात दवाखान्यात टाकतो. त्यांनी हातानंच न्हाई म्हनलं. मी हात धरला तर झटकला. मास्कातूनच दोन शब्द बोलले. उस्तादची ऑर्डर."

अस्लम रडत होता. "मी उचलून कावून न्हाई नेलं, मेजर? गाडी रिकामी व्हती."

मी त्याला म्हणायला हवं होतं की यात तुझा काही दोष नाही. मी म्हणालो, "हे कोणाजवळ बोलू नकोस." तो बोलला नाही.

त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता, चांगल्या उजेडात आणि शुद्धीत, मी रजिस्टरचं पान फाडलं आणि नवीन पानावर लिहिलं: पेशंटला एक डोस देऊन आराम पडला. बीडला जाण्याचा सल्ला दिला. मी दुसऱ्या पेशंटकडे गेलो असता पेशंटने मनाई असूनही स्वतःहून जादा औषध घेतले. खाली सही केली, नंबर आणि रँकसह. डॉक्टरांनी ते वाचलं, तेच पुढे गेलं. फौजीच्या सहीवर कोणी शंका घेतली नाही.

डॉक्टर एवढंच म्हणाले की त्याला लगेच हलवायला हवं होतं, ऑक्सिजन हवा होता, नुसत्या मशीननं भागलं नसतं. मी म्हणालो, "हो सर."

आज गावात घरोघरी तसलं मशीन आलंय. कुठे चालू असलं तर मी आत जातो. औषध डॉक्टरांनी लिहून दिलंय का, किती वेळा द्यायचं सांगितलंय, कप धुता का, रोजचा पंप चालू आहे का, हे विचारतो. पेशंटजवळ बसा म्हणतो. दम कमी झाला की नाही हे त्याला बोलायला लावून बघा, आवाजावर जाऊ नका. लोक म्हणतात, मेजर म्हातारपणी फार चिकित्सक झालेत. मशीन संपेपर्यंत मी तिथून हलत नाही. धुकं आत ओढलं जातंय का, तेच बघत असतो.

लिंबाजीला फौजेचं कोणतंही पदक नाही, त्याच्या गावच्या शहिदांच्या फलकावर त्याचं नाव नाही. तो लढाईत पडला नाही. पण दिलेली जागा त्यानं दोनदा सोडली नाही आणि दोन्ही वेळा ऑर्डर माझी होती. एकदा बरोबर, एकदा चूक. त्याला दोन्हींत फरक दिसला नाही, कारण दोन्ही वेळा देणारा मीच होतो. हे इथे नोंदवतो.

गयाबाई दोन वर्षांपूर्वी वारली. त्याआधी दर वर्षी लिंबाजीच्या श्राद्धाला मी तिच्याकडे जायचो. प्रत्येक वेळी सांगायचं ठरवून जायचो. शेवटच्या वेळी ती ओसरीत बसली होती, डोळ्यांनी कमी दिसायचं. जेवण झालं. तिनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "मेजर, एक इचारू? राग येऊ देऊ नका."

"विचारा."

"तुमी इतकं बजावलं व्हतं, जादा घेऊ नको म्हनून. जन्मभर तुमचा शबूद खाली पडू दिला न्हाई त्यांनी. मंग त्याच दिशी कावून न्हाई ऐकलं?"

दार उघडं होतं. बाहेर ऊन होतं. ती माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून वाट बघत होती.

त्यानं ऐकलं होतं. सांगायचं एवढंच होतं. आणि मग, गयाबाई, मला माफ करा.

मी तांब्या उचलला, पाणी प्यायलो, तो परत जागेवर ठेवला. म्हणालो, "ऊन जरा कमी झालं की निघतो."