ताईंच्या पोटातलं बिऱ्हाड

अंधांच्या वाचनालयासाठी ताई एकोणीस वर्षं पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत होत्या. खोली एवढीशी, भिंतींना जाड कापड, समोर माईक. काचेपलीकडे हेडफोन लावून ध्वनिमुद्रण करणारे दादा. त्यांना सगळे कानसेन म्हणायचे, आणि ते उगीच नव्हे. ताईंनी आवंढा गिळला तरी ते वाक्य पुन्हा वाचायला लावायचे.

अशा माणसासमोर ताईंचं पोट गुरगुरायला लागलं.

दादांनी वाचन थांबवलं. "खुर्ची कुरकुरतेय."

"हो का?" ताईंनी सरळ कानांवर हात ठेवले. पंचावन्नाव्या वर्षी 'ते माझं पोट आहे' असं कुठल्या तोंडाने सांगायचं? खुर्ची बदलली. मग दाराच्या बिजागऱ्यांना तेल पाजलं, मग वरच्या मजल्यावरचा नळ दुरुस्त झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही तीनदा. चोर आपला शांतपणे पुढचं प्रकरण वाचत होता.

घरी नणंदबाईंनी उपचार हाती घेतले. कोंडा, कच्च्या भाज्या, भिजवलेली कडधान्यं, सगळं भरभरून. पोट ढोलासारखं फुगलं तेव्हा कुठे ताई नणंदबाईंना घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी गोड पाणी पाजलं आणि श्वासातला वायू मोजायला तीन तास, दर वीस मिनिटांनी, नळीत फुंकर मारायला लावली.

"मोठ्या आतड्यात राहणारे जंतू तुमच्या लहान आतड्यात फार वाढलेत," डॉक्टर म्हणाले. "तुमचं जेवण तुमच्याआधी तेच जेवतात आणि वायू करतात."

"म्हणजे इतके दिवस मी त्यांना आग्रह करकरून वाढत होते!" नणंदबाई हळहळल्या.

दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी पोट गप्प झालं. एक अक्षर न बोलता निभावलं म्हणून ताई स्वतःवर खूश होत्या. लबाड कुठल्या!

चौथ्या दिवशी दादा काचेपलीकडून उठून आत आले. हातात राजीनामा होता.

"काम सोडतोय, ताई. आधी आवाज कुठून येतोय ते कळेना. आता ऐकूच येत नाही."

"बंद झाला असेल."

"कुणी काही केलं नाही, मग बंद कसा होईल? बंद झालेत ते माझे कान."

ताईंनी पुस्तक मिटलं. बत्तीस वर्षं कानांवर जगलेला माणूस त्यांच्या लाजेपायी स्वतःला बहिरा समजून घरी निघाला होता. त्यांना स्वतःची मनापासून शरम वाटली.

"दादा, ते माझं पोट होतं. औषधाने बरं झालं."

"खुर्ची नव्हती?"

"पोट."

"आणि नळ?"

"तोही मीच."

दादांनी राजीनामा खिशात घातला. डोळे भरून आले, ते त्यांनी लपवलेही नाहीत. मग काचेपलीकडे जाऊन त्यांनी महिन्यापूर्वीचं बाद केलेलं ध्वनिमुद्रण शोधून काढलं आणि लावलं. गोष्टीतली सून दिवा मालवते, घर झोपी जातं, आणि खालून एक लांबलचक गुरगुर. ताईंनी पुस्तकाने तोंड झाकलं.

दादांनी ते पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकलं.

"काय स्वच्छ पकडलाय आवाज!" ते म्हणाले. "शेवटचा बारीक सूरसुद्धा सुटला नाही."