पोलीसशाळेतला चोर

आमच्या सगळ्या गोतावळ्यात एकच चोर निघाला, आणि त्याला पगार पोलीसच देत! माझा साडू हो. पोलीस तयार करायच्या शाळेत माळी होता. आरोपी कसा धरावा हे पोरांना शिकवायचं म्हटलं की उस्ताद ओरडायचे, "चोरा, ये रे!" की हा खुरपं टाकून मैदानात. हात पाठीमागे पिरगळला की धपकन लोळण घ्यायची. "लवकर पड, जेवणं व्हायचीत," हा उस्तादांचा हुकूम. हा पडला की पोरगं पास. समोरचा पडलाच नाही तर पुढे काय करायचं, हे कोणी विचारलं नाही. तपासणीला साहेब यायचे ते खुर्चीत बसून चहा प्यायचे, टाळ्या वाजवायचे आणि जायचे.

अशाच एका पास झालेल्या शिपायाने भलत्याच माणसाला धरलं. टेम्पोवाला होता बिचारा, खांदा आधीच आखडलेला. हात मागे जाईना, तो कळवळून वळवळला. शिपायाला वाटलं, हा उलटतोय. त्याने जोर वाढवला. तो हात पुन्हा वर उचलला गेला नाही.

टेम्पोवाल्याने खात्यावर दावा लावला. खातं म्हणालं, आमचं शिक्षण चोख आहे, शिपाई तेवढा वाया गेलेला.

साडूला साक्षीला बोलावणं आलं. आदल्या संध्याकाळी उस्ताद त्याच्या दारात हजर. "ही खोली शाळेची आहे, ध्यानात आहे ना? सगळं रीतसर शिकवतात, एवढंच म्हणायचं."

आतून मेहुणी कडाडली, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्या शिपायाला तुम्ही शिकवलंत तरी काय?"

साडूने मात्र तिलाच आत जायला खुणावलं. राहतं घर जायची वेळ होती.

कोर्टात आम्ही नवरा-बायको मागच्या बाकावर. खात्याचा वकील न्यायाधीशबाईंना तोऱ्यात म्हणाला, "बाईसाहेब, प्रात्यक्षिकच दाखवतो." उस्तादांनी साडूचा हात मागे घेतला. त्यांचे ओठ हलले ते मलाही कळलं: पड.

साडू उभाच.

उस्तादांनी आणखी पिरगळला. साडूचा चेहरा काळानिळा पडला, पण गुडघा काही वाकेना. बायकोने माझ्या दंडात नखं रुतवली. "अहो, मोडेल हो हात!" आता सैल सोडावं की पकड बदलावी, उस्तादांना काही सुचेना. इथून पुढचं त्यांनी कधी कोणाला शिकवलंच नव्हतं. ते आपले वर वर ओढतच राहिले.

"सोडा त्याला!" न्यायाधीशबाई खुर्चीतून उठल्या.

हात सुटला. साडू धापा टाकत म्हणाला, "बाईसाहेब, मी आजवर दरवेळी मुद्दाम पडत आलो. पडायचं असतं, हे त्या टेम्पोवाल्याला कोणी सांगितलं नव्हतं."

दावा टेम्पोवाल्याने जिंकला. खात्यालाही बाईंनी फैलावर घेतलं. इथून पुढे शिकवणी बाहेरच्या माणसांकडून तपासून घ्या, असा आदेश निघाला. साडूची खोली मात्र गेलीच. बिऱ्हाड आमच्याकडे आलं. मेहुणीने आल्या आल्या स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, आणि दोघी बहिणींच्या राज्यात आम्ही दोघे साडू हल्ली व्हरांड्यात झोपतो.