बिरूअण्णांची स्लाइड

फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. पी.यू. दुसऱ्या वर्षाच्या, म्हणजे बारावीच्या मुलांना मी कांद्याच्या मुळातलं पेशीविभाजन दाखवत होतो. फोनवर बिरूअण्णांची मुलगी सुनीता होती. "सर, अप्पा गेले," एवढंच बोलली... मागून बायकांचं रडणं ऐकू येत होतं. मी "निघतो" म्हणालो. तेवढ्यात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली एक मुलगी आनंदानं ओरडली, "सर, एकाचे दोन होयलेत, बघा की!" मला तिच्याजवळ जाववलं नाही. वर्ग सोडून दिला आणि औरादची बस धरली.

त्याला आता सव्वा महिना झाला. अण्णांविषयी लिहायचं म्हणजे माझ्या चुकांविषयीही लिहावं लागणार, म्हणून रोज टाळत होतो.

बिरूअण्णा म्हणजे बिरप्पा, आमच्या बीदरच्या कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडर होते. औराद तालुक्यातल्या एका वाडीचं, मेंढरं राखणारं घराणं. शाळा सातवीपर्यंत. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांची दहा वर्षं झालेली होती. माझ्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला मी देठाचे काप घ्यायला बसलो, ते भाकरीसारखे जाड पडत गेले. मुलं हसायला लागली. अण्णांनी माझ्या हातातून ब्लेड घेतलं आणि कागदाहून पातळ काप पाण्यात सोडला. "मेंढ्या कातरल्याला हात हाय सर, कातडं न लागू देता लोकर काढायची सवय," म्हणाले, तेही मुलांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं. त्या दिवसापासून मी त्यांना नावानं हाक मारली नाही, अण्णाच म्हणालो. ते मात्र माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे असून शेवटपर्यंत मला "सर"च म्हणत राहिले.

प्रयोगशाळेत ते अनवाणी वावरायचे. फुटकी काच डोळ्याआधी पायाला कळते, असं त्यांचं म्हणणं. दोन वर्षांपूर्वी खरंच एक कपची रुतली. ती काढायला त्यांनी पाय गुडघ्यावर घेतला, तेव्हा टाचेजवळ करडईच्या दाण्याएवढा काळा डाग मला दिसला. कडा वेड्यावाकड्या.

"हे काय अण्णा?"

"काटा मोडला असंल कवातरी. दुखत न्हाई, काय न्हाई."

"मग बिब्बा लावा की," मी म्हणालो आणि हजेरी घ्यायला वळलो.

हे वाक्य माझं. एम.एस्सी. झालेल्या, दरवर्षी कर्करोगाचा धडा शिकवणाऱ्या माणसाचं. त्वचेचा कर्करोग म्हटला की आमच्या डोळ्यांपुढं पुस्तकातला गोरा माणूस आणि कडक ऊन एवढंच यायचं. आपल्या सावळ्या माणसांत तो नेमका तळपायाला, ऊन न लागणाऱ्या जागी निघतो, हे मी कुठंतरी वाचलेलं होतं. वाचलेलं होतं, म्हणून तर अधिक जाळतं...

वर्षभरानं त्यांच्या जांघेत गाठ आली. डागही तोवर रुपयाएवढा होऊन चिघळला होता. बीदरच्या दवाखान्यात तुकडा काढून तपासला. मेलॅनोमा निघाला, कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. पुढच्या तपासण्यांसाठी हैदराबादला जायला सांगितलं आणि तुकड्याच्या स्लाइडी एका छोट्या डबीत घालून आमच्या हातात दिल्या. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना अण्णा म्हणाले, "सर, बस दोनची हाय. कॉलेजवरनं जाऊ. मला बघायचंय."

मी टाळायला बघितलं. पण बावीस वर्षं दुसऱ्यांसाठी काचा पुसणाऱ्या माणसाला नको कसं म्हणायचं? सुट्टीचा दिवस होता. त्यांनी स्वतः कुलूप काढलं, भिंग पुसलं, स्लाइड लावली. बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिले.

"रंग लई झकास लागलाय," पहिलं वाक्य हे. मग थोड्या वेळानं, "ह्यातले ठिपके माझे कुठले, आन् त्या रोगाचे कुठले?"

"सगळे तुमचेच आहेत, अण्णा."

"सगळे माझेच?" त्यांनी डोळा वर केला. "मग मारायलंय कोण?"

त्यांनी स्लाइड काढून डबीत ठेवली आणि सवयीनं भिंगावर फडकं टाकलं.

त्या प्रश्नाचं उत्तर मी बसमध्ये देत बसलो. पेशी एकमेकींना धरून राहतात ते त्यांच्या अंगावरच्या एका प्रथिनामुळं. ते कमी झालं की पेशी शेजारणीचा हात सोडते आणि रक्तातून, लसिकेच्या बारीक नळ्यांतून भलतीकडं जाऊन वस्ती करते. दुसरं एक प्रथिन पेशीला 'वाढ' म्हणून सांगतं. ते बिघडलं की सांगतच राहतं, थांबत नाही. हैदराबादचे डॉक्टर ते बिघडलेलं आहे का ते बघणार होते, कारण ते असलं तर त्याच्यावर गोळ्या होत्या. जहीराबाद येईपर्यंत अण्णा ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे बिघडलेलं निघावं म्हणून देवाला हात जोडायचे?"

व्हय, तसंच होतं ते. आणि ते निघालं नाही. हैदराबादच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रोग आहे, पण त्या गोळ्या ज्या प्रथिनाला लागू पडतात ते ह्यांच्यात सरळ आहे. शरीरात काहीतरी धड असल्याचं एवढं दुःख मला कधी झालं नव्हतं.

पायाचं आणि जांघेचं ऑपरेशन झालं. अण्णा वाडीला गेले. तीन आठवड्यांनी मी भेटायला गेलो तर माणूस निम्मा झालेला. ताटात ज्वारीची भाकरी, मीठ-मिरची आणि पातळ आंबिल. मी त्यांच्या बायकोला, कमलाक्काला विचारलं, "वरण कामून न्हाई अक्का? अंडी?"

त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "तुमीच सांगितलं म्हने की सर, प्रोटीननं रोग पसरतोय म्हनून? तवापासून तूर-मूग समदं बंद केलंय. पोरीनं आणलेली अंडी बी परत धाडली."

मी अण्णांकडं बघितलं. ते हसायचा प्रयत्न करत होते. "मला वाटलं ते येगळं असंल. पण कशाला जोखीम, म्हणलं..."

घरात तुरीचं पोतं भरलेलं होतं आणि माझ्या अर्धवट शहाणपणानं ते माणसाला उपाशी ठेवत होतं. ताटातलं प्रथिन पचून त्याचे तुकडे होतात, पेशी आपलं आपण नव्यानं घडवते, हे मी चार वेळा समजावलं. कमलाक्कांनी त्याच संध्याकाळी घट्ट वरण केलं. अण्णांनी दोन घास खाल्ले. त्यापुढं जाईना.

नंतर सलाईनमधून इंजेक्शनं सुरू झाली. कर्करोगाच्या पेशी अंगावर एक प्रथिन वागवतात, ते बघून रक्तातल्या राखणदार पेशी फसतात, 'आपलीच हाय' म्हणून सोडून देतात. ती फसवणूक मोडायचं हे औषध. काहींना लागू पडतं. आम्ही तीन वेळा हैदराबादला गेलो. चौथ्या वेळी फोटो काढले, तर फुफ्फुसात आणि यकृतात गाठी होत्या. डॉक्टरीणबाईंनी अण्णांऐवजी माझ्याकडं बघून सांगितलं. परतीच्या वाटेवर मी एकाही प्रथिनाचं नाव काढलं नाही. अण्णांनीच शेवटी विचारलं, "सर, आता काय शिकवायचं राह्यलंय का?"

"न्हाई, अण्णा."

"मग झोपा थोडं. लई दमलाव तुमी."

ती आमची शेवटची बस.

तेराव्याला मी वाडीला गेलो. जेवणं झाल्यावर माणसं अंगणात लिंबाखाली बसली होती. अण्णांचे थोरले भाऊ, मल्लूअप्पा, अजूनही मेंढरं राखतात. ते माझ्याजवळ येऊन बसले, पायातली जाड चप्पल काढली आणि तळवा माझ्यापुढं केला.

"बघा सर. मला बी हाय का?"

तळव्याला भेगा, घट्टे, काट्यांच्या जुन्या खुणा. मी मोबाइलचा उजेड पाडून बघायला लागलो. मान वर केली तर आणखी चौघांनी चपला काढल्या होत्या. शेजारची एक म्हातारी नातवाला धरून ओळीला उभी. मी सगळ्यांचे तळवे बघितले, गुडघे टेकून. एकाचा डाग चिखलाचा निघाला, ओल्या फडक्यानं गेला. सगळे हसले, मीही. मल्लूअप्पांच्या करंगळीच्या मुळाशी होता तो मात्र पुसून गेला नाही. तिळाएवढा. कडा सरळ का वाकड्या, मला ठरवता येईना. पुन्हा पुसला, पुन्हा बघितला.

"काय हाय सर?"

"मला कळायलं न्हाई, अप्पा."

माझ्या तोंडून हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"मग?" मल्लूअप्पा म्हणाले.

"बीदरला जाऊ. दाखवू."

"कवा?"

"आत्ताच्या बसनं."

त्यांनी सुनीताला मेंढरांकडं बघायला सांगितलं, पाय झटकला आणि चप्पल घातली.