मॅक्रोचं कुलूप आणि रेखाचा पत्ता

परवा सकाळी आमच्याच एक्सेल फाईलने मला बाहेर काढलं.

नाशिकमध्ये आम्ही काही जणी घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी सल्ला केंद्र चालवतो. त्या फाईलमध्ये प्रत्येकीचं नाव, फोन आणि सध्याचा पत्ता असतो... आणि यातल्या कित्येकींना कुणीतरी शोधत असतं. रेखाला तिचा नवरा शोधतोय. (नाव-गाव बदललंय, तिला विचारूनच लिहितेय.)

म्हणून मीच मागे लागून फाईलला कुलूप लावून घेतलं. केंद्राचं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या निवृत्त शिक्षक सरांनी मॅक्रो, म्हणजे फाईलच्या आतच बसणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिला. फाईल उघडली की तो कॉम्प्युटरवरच्या युजरचं नाव तपासणार, यादीत नसेल तर फाईल बंद करणार. 'बाईची माहिती तिच्या मालकीची असते' हे मी इतकी वर्षं व्यासपीठावरून सांगत आले, आता ते करून दाखवलं म्हणून खूश होते.

तर परवा माझा लॅपटॉप घेऊन केंद्रात गेले, फाईल उघडली. 'आपणास परवानगी नाही. धन्यवाद.' आणि बंद. पुन्हा उघडली... पुन्हा धन्यवाद. सरांनी यादीत फक्त ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या युजरचं नाव घातलं होतं. त्या धन्यवादाने डोकं फिरलं.

दाराशी टेबलावर फॉर्म भरून घेणाऱ्या मंगलताई म्हणाल्या, "कशाला डोकं लावताय ताई? माझ्या मोबाईलवर उघडली की."

आणि खरंच उघडली होती. सगळी नावं, सगळे पत्ते. मोबाईलवर मॅक्रो चालतच नाही, त्यामुळे तपासायला तिथे कुणी नव्हतंच.

"पण तुमच्याकडे आली कुठून?"

"सरांनी सकाळी ग्रुपवर टाकली ना. तुम्ही ग्रुप बघत नाय का?"

तिथेच बसलेले सर शांतपणे म्हणाले, "अहो, लॉक आहे म्हणून तर टाकली."

या एका वाक्यावर मी तासभर बोलू शकते. बोललेही असावे, कारण मध्येच सर म्हणाले, "मॅडम, समोर सभा नाहीये, आम्ही दोघंच आहोत."

आपल्याकडे माणूस काम सोडतो, व्हॉट्सॲप ग्रुप सोडत नाही. आमच्या ग्रुपवर गेल्या वर्षी काम सोडलेल्या एक बाई आहेत आणि त्या आता रेखाच्या सासरच्या गल्लीत राहतात. चांगल्या आहेत हो... पण पत्ते फुटतात ते बहुतेक वेळा चांगल्या माणसांच्या सहज बोलण्यातूनच.

फाईल ग्रुपवरून सगळ्यांसाठी डिलीट केली. तोवर कुणाकुणाच्या मोबाईलमध्ये उतरली होती, कोण सांगणार? शेवटी रेखाला फोन लावला आणि सरळ सांगितलं, तुझा कळवणचा पत्ता आमच्या हातून बाहेर गेला असेल, आजच्या आज दुसरीकडे जा.

ती हसली. "ताई, मी तिथं नाय राहत. ते आत्याचं जुनं घर हे, कधीपासून कुलूप हे त्याला."

मग आम्हाला तोच पत्ता का दिलास, विचारलं.

"फॉर्म भरला तेव्हा टेबलापाशी चार बाया उभ्या होत्या, आणि मंगलताई मोठ्यानं वाचून लिहीत होत्या. खरा कसा सांगू?"

फोन ठेवून मी दाराशी मांडलेलं ते टेबल आधी आत ओढलं.

आता फाईलला उघडण्याचाच पासवर्ड आहे, तो आमच्यापैकी दोघींनाच तोंडपाठ आहे. पत्त्याचा रकाना काढूनच टाकलाय. फाईलमधल्या बाकीच्या सगळ्याजणींना फोन करून काय झालं ते सांगितलं, ते फोन फार जड गेले. फॉर्म आता आतल्या खोलीत दार लावून भरतो... हे सुचायला मॅक्रो लागायला नको होता.

रेखा, त्या दिवशी आमच्यावर विश्वास ठेवला नाहीस, त्याबद्दल तुझे मनापासून आभार.